बोर्ड नंतर रंगव, आधी ट्रेलरचे ब्रेक

अगं, पिकअपमागे जोडायच्या तुझ्या खाण्याच्या ट्रेलरची यादी नीट वाचली. स्टीलचा ओटा, जाळीची खिडकी, दोन शेगड्या, पाण्याची टाकी, बोर्डाचा पिवळा रंग, सगळं आलंय त्यात. भिलाईच्या सिविक सेंटरला संध्याकाळी गरम साबुदाणा वडा आणि थालीपीठ मिळणार, तेही माझ्या धाकट्या बहिणीच्या हातचं, हे मी ओळखीच्या सगळ्यांना सांगत सुटले आहे. पण त्या यादीत ट्रेलरच्या ब्रेकचं नाव नाही. म्हणून आज बाकी सगळं बाजूला ठेवून याच एका गोष्टीवर बोलते. बोर्ड रंगवायला अजून टाकू नकोस. ते पैसे आधी ब्रेकला लागतील.

तुझा मिस्त्री म्हणाला ना, "दीदी, पिकअप के ब्रेक में दम है, पीछे का डब्बा अपने आप रुकेगा"? तो खोटं बोलत नाहीये. रिकामा डबा हळू वेगात थांबतोही. पण तू रिकामा नेणार नाहीस. हिशेब कर. सांगाडा आणि पत्रा मिळून तू सातशे-आठशे किलो सांगतेस. पाण्याची टाकी २०० लिटरची, म्हणजे नुसतं पाणीच २०० किलो. हॉटेलच्या सिलिंडरमध्ये १९ किलो गॅस असतो आणि त्या लोखंडाचं वजन जवळजवळ तेवढंच, म्हणजे दोन भरलेल्या सिलिंडरचे सत्तर-पंचाहत्तर किलो. फ्रीज, ओटा, कढया, तेलाचे डबे, भिजवलेला साबुदाणा धर. डबा हजाराच्या वर सहज गेला. पिकअपचे ब्रेक कंपनी त्या गाडीच्या स्वतःच्या भरल्या वजनासाठी बसवते. मागून हजार किलो ढकलत असतील तर थांबायचं अंतर वाढतं, आणि वळणावर किंवा ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारलास तर ट्रेलर गाडीला ढकलत जोडाच्या जागी आडवा होतो. एकदा आडवा झाला की स्टिअरिंग फिरवून काही हाती लागत नाही.

आणि वेगाचं गणित तर शाळेतलंच आहे. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. २० वर जे सहज जमलं ते ४० वर चारपट कठीण, ६० वर नऊपट. पावसाळ्यात आपल्याकडे रस्त्यावर गुरं बसलेली असतात, सुपेल्याकडून येताना कोण कधी आडवं येईल याचा नेम नसतो, आणि संध्याकाळी सिविक सेंटरला स्कूटी, लहान मुलं, कला मंदिरातल्या कार्यक्रमाला निघालेली म्हातारी माणसं, सगळे एकाच वेळी रस्त्यावर असतात. त्या गर्दीत तुझा डबा शिरणार आहे. मला तुझ्या ड्रायव्हिंगची काळजी नाही. तू माझ्याहून चांगली चालवतेस. काळजी आहे ती मागच्या बिनब्रेकच्या चाकांची.

युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ही सीमा ३००० पौंडांची, म्हणजे साधारण १३६० किलोंची, आणि कॅलिफोर्नियात कॅम्पिंगच्या ट्रेलरला तर १५०० पौंडांपासूनच ब्रेक लागतात. आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रेलर हे वेगळं वाहन धरलं जातं, त्याची नोंदणी वेगळी होते. म्हणून वेल्डिंगवाल्याला शेवटचे पैसे देण्याआधी दुर्गच्या आरटीओत जा. हा सांगाडा नोंदवता येईल का, त्याला कोणते ब्रेक लागतील, आणि पिकअपला हुक व वायरिंग बसवलं तर कलम ५२ खाली तो गाडीतला बदल धरला जाईल का, हे तिन्ही विचार, आणि उत्तर लेखी घे. जागेचं काम वेगळं. टाऊनशिपमध्ये गाडा लावायचा तर भिलाई स्टील प्लँटच्या नगर सेवा विभागाचं दार ठोठावावं लागेल. ते तुला ठाऊकच आहे, त्यावर मी वेळ घालवत नाही.

आता ब्रेक कोणते घ्यायचे ते सांगते. एक प्रकार साधा, ढकलब्रेक म्हण. गाडी मंदावली की ट्रेलर पुढे सरकतो, जोडाचा दांडा आत दाबला जातो आणि त्या दाबाने ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक लागतात. वायर नाही, कंट्रोलर नाही. युरोपात साडेतीन टनांपर्यंतच्या ट्रेलरवर हाच सर्रास दिसतो. दुसरा प्रकार विजेचा, ज्याचं किट तू बघून ठेवलं आहेस, पण यादीत घातलं नाहीस. चाकाच्या ड्रममध्ये एक चुंबक असतं. करंट दिला की ते फिरत्या ड्रमला चिकटू बघतं, ओढलं जातं, आणि त्याला जोडलेली कांडी ब्रेक शू ड्रमवर दाबते. किती करंट द्यायचा हे ठरवतो तो ब्रेक कंट्रोलर, जो पिकअपमध्ये तुझ्या हाताशी बसतो.

माझं मत विचारशील तर, सुटे भाग मिळायची खात्री नसेल तर ढकलब्रेक घे. मात्र मागे घेताना जो आपोआप सुटतो तोच घे, नाहीतर रिव्हर्समध्ये डबा अडून बसेल. पण तुझ्याकडे विजेच्या ब्रेकचे दोन अ‍ॅक्सल, चार चुंबकं आणि कंट्रोलर पूर्ण सेटमध्ये येत असतील तर विजेचा ब्रेक उत्तम. तो तुझ्या ताब्यात असतो, पेडल न दाबता नुसते ट्रेलरचे ब्रेक लावता येतात, आणि डबा डुलायला लागला तर तीच गोष्ट तुला वाचवते.

इथे मात्र एक गोष्ट मनात पक्की कर, कारण क्रेनच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये माझी सगळी नोकरी याच गोष्टीभोवती गेली. प्लँटमध्ये वितळलेल्या लोखंडाचं लॅडल उचलणाऱ्या क्रेनचा ब्रेक स्प्रिंगने लागलेला असतो आणि विजेने सुटतो. लाइट गेली की ब्रेक आपोआप लागतो, लॅडल जिथे आहे तिथेच थांबतं. रेल्वेचं तेच. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८७२ च्या सुमारास जो स्वयंचलित एअर ब्रेक आणला त्यात पाइप तुटला, डबे सुटले, तर हवा निघून जाते आणि दोन्ही तुकड्यांचे ब्रेक लागतात. आपल्या भिलाईचे रूळ ज्या गाड्यांखाली आहेत त्या सगळ्या या भरवशावर धावतात. तुझ्या ट्रेलरचा विजेचा ब्रेक नेमका उलटा आहे. तो करंट मिळाला तरच लागतो. वायर तुटली, सॉकेट गंजलं, फ्यूज उडाला, तर ब्रेक नाहीच, आणि तुला पुढे बसून ते कळेलच असं नाही. म्हणून जो मिस्त्री "वायर जोड दिया, हो गया" म्हणेल त्याच्यावर विसंबू नकोस. विजेच्या ब्रेकमध्ये जोडणं हे अर्धं काम, तपासणं हे उरलेलं अर्धं.

कंट्रोलर दोन जातीचे मिळतात. एक वेळेवर चालणारा: पेडल दाबलं की ठरलेल्या वेळात ठरलेला करंट देतो, तू हळू दाब की जोरात, त्याला फरक नाही. दुसऱ्यात गाडी किती झपाट्याने मंदावते आहे ते ओळखणारा सेन्सर असतो आणि तो त्या प्रमाणात करंट देतो. तू दुसराच घे. पहिला स्वस्त आहे, पण गर्दीत हळूहळू सरकताना प्रत्येक वेळी हिसका देतो आणि शू लवकर झिजवतो. मागे सांडायला गरम तेल नसलं तरी पिठाचं पातेलं असतंच.

हा सेन्सरवाला कंट्रोलर बसवताना त्याचं तोंड गाडीच्या चालीच्या सरळ रेषेत हवं. किती अंश वर-खाली चालेल ते त्याच्या पुस्तिकेत असतं. तिरका लावलास तर गाडी किती मंदावते आहे याचा त्याचा अंदाज चुकेल. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं, म्हणून तो डाव्या हाताला मिळेल असा डॅशबोर्डखाली लाव. गुडघा लागणार नाही, एअरबॅगच्या वाटेत येणार नाही, आणि हाताने ब्रेक लावायची जी दांडी त्याला असते तिच्यावर न बघता बोट जाईल अशी जागा शोध. भोक पाडण्याआधी मागे कोणती वायर जाते ते पाहायला सांग.

वायरी चार. काळी, पांढरी, लाल, निळी, हा या कंट्रोलरचा नेहमीचा रंगक्रम, तरी पुस्तिकेशी ताडून बघच. काळी थेट बॅटरीच्या प्लसवरून यावी, मध्ये सर्किट ब्रेकर टाकून. दोन चाकांच्या ब्रेकला २० अँपिअरचा, चार चाकांच्या ब्रेकला ३० चा. म्युझिक सिस्टिमच्या फ्यूजवरून काढली तर मिस्त्रीला परत पाठव. पांढरी बॅटरीच्या मायनसवर. रंग लावलेल्या पत्र्यावर स्क्रू मारून अर्थिंग घेतलं तर आज चालेल, एका पावसाळ्यानंतर गंजेल, आणि मग ब्रेक कधी लागेल कधी नाही. लाल वायर स्टॉप लाइटच्या स्विचवर, त्यातही जी बाजू पेडल दाबल्यावरच जिवंत होते त्या बाजूला. मल्टिमीटर लावून तू स्वतः बघ: पेडल वर, शून्य, पेडल दाबलं, बारा. निळी वायर मागे ट्रेलरच्या चुंबकांकडे जाते. चार ब्रेक असतील तर चार चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक तार घेऊ नकोस, कारण एवढ्या लांब बारीक तारेत व्होल्टेज वाटेतच मरतं. तार इंजिनच्या बाजूने केबिनमध्ये जिथे शिरते तिथे भोकाला रबरी ग्रोमेट हवाच. आणि एक, नव्या गाड्यांत स्टॉप लाइट कॉम्प्युटरवर चालतात. तिथे तार सोलून पीळ मारला तर बिघाडाचा दिवा लागेल आणि वॉरंटीवर पाणी. कंपनीच्या वर्कशॉपमधून वायरिंगचा नकाशा मागून घे. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची आहे हेही बघून ठेव. मोठ्या ट्रकांची वायरिंग २४ ची असते, आणि ट्रकवर काम केलेला मिस्त्री सवयीने तसलेच भाग आणतो.

सॉकेटचं नीट ऐक. सात पिनांचं सॉकेट म्हणजे सगळं एकच नाही. अमेरिकी पद्धतीच्या चपट्या पिनांच्या सॉकेटमध्ये ब्रेकसाठी आणि बॅटरी चार्ज करण्यासाठी वेगळ्या पिना असतात. युरोपी पद्धतीचं गोल पिनांचं जे सात पिनी सॉकेट बाजारात दिसतं ते दिव्यांचं असतं. त्यात विजेच्या ब्रेकला जागाच नाही. मग कोणीतरी मागच्या धुक्याच्या दिव्याची पिन ब्रेकला जोडून मोकळा होतो, आणि पुढचा मिस्त्री तिथे दिवा समजून हात घालतो. तुझं किट ज्या पद्धतीचं, सॉकेट आणि प्लगही त्याच पद्धतीचे घे, आणि कोणत्या पिनेला काय आहे ते कागदावर लिहून ट्रेलरच्या दाराच्या आत चिकटव.

सगळं जोडलं की लगेच रस्त्यावर जायचं नाही. आधी उभ्या गाडीवर तपास. प्रत्येक चाक जॅकवर उचल. शू इतके आवळायचे की चाक फिरवताना अडेल, मग थोडे ढिले करायचे, हलकी घासण राहील इतके. आता एकीला केबिनमध्ये बसव, तू चाक हाताने फिरव, तिला कंट्रोलरची दांडी दाबायला सांग. चाक थांबलं पाहिजे, प्रत्येक चाक. मग निळ्या वायरीत अँपिअर मीटर लावून करंट मोज. १० किंवा १२ इंची ड्रमचं एक चुंबक पूर्ण दाबल्यावर साधारण ३ अँपिअर घेतं. दोन ब्रेकला सहाच्या आसपास, चारला बाराच्या आसपास. चार ब्रेक असून नऊच आले तर एक चाक झोपलेलं आहे. खूप जास्त आले तर कुठेतरी तार घासून शॉर्ट होते आहे. हा आकडा वहीत लिहून ठेव, दर महिन्याला त्याच्याशी ताडून बघायचा. मिस्त्रीला राग येईल, येऊ दे.

मग सुटण्याची पिन. जोड निसटून ट्रेलर गाडीपासून वेगळा झालाच तर एक बारीक दोर ओढला जातो, पिन निघते, आणि ट्रेलरवरच्या स्वतःच्या छोट्या बॅटरीतून चारही ब्रेक लागतात. मघाशी म्हटलं ना, हा ब्रेक क्रेनच्या उलटा आहे. डबा सुटल्यावर ती उणीव भरून काढणारी एवढी एकच वस्तू आहे. अमेरिकेच्या नियमात अशा वेळी ब्रेक निदान १५ मिनिटं लागलेले राहिले पाहिजेत. काही विक्रेते हा पिनेचा स्विच जास्तीचा म्हणून वेगळा विकतात. तू तो घेच. तपासताना सात पिनी प्लग आधी काढ, म्हणजे करंट उलटा कंट्रोलरकडे जाणार नाही. मग पिन ओढ, आणि पिकअप हळूच पुढे घे. डब्याची चाकं फिरता कामा नयेत. तपासलं की पिन लगेच आत घाल, नाहीतर बॅटरी उतरेल आणि चुंबकं तापतील. याच कारणाने गाडा लावून उभी असशील तेव्हा विजेचे ब्रेक हँडब्रेक म्हणून वापरू नकोस. चाकांखाली लाकडी गुटके लाव, दोन्ही बाजूंनी. आणि सुरक्षेच्या दोन साखळ्या जोडाखाली एकमेकींवरून आडव्या घाल, म्हणजे दांडा निसटला तरी जमिनीवर आपटणार नाही.

रस्त्यावरची चाचणी कुठे करायची ते मी ठरवून ठेवलंय. टाऊनशिपचे रुंद रस्ते पहाटे रिकामे वाटतात, पण तेव्हाच निम्मं भिलाई चालायला बाहेर पडतं. म्हणून तिथे नाही, आणि सिविक सेंटरला तर नाहीच नाही. इंडस्ट्रियल एरियात ओळखीच्या कारखान्याचं मोठं काँक्रीटचं आवार सुट्टीच्या दिवशी परवानगीने मिळतं, तिथे जाऊ. ट्रेलर भरलेला हवा: टाकीत पाणी, सिलिंडर रिकामे पण तेवढ्या वजनाची वाळूची पोती, सगळं बांधलेलं. एक जण बाहेर, बाजूला दूर उभं राहून चाकांकडे बघणार. तू ४० च्या वेगाने सरळ चालव, पेडलला पाय लावू नकोस, फक्त कंट्रोलरची दांडी पूर्ण दाब. कंट्रोलर आधी कमी ताकदीवर ठेवलेला असेल. डबा नुसता मंदावेल. ताकद एक पायरी वाढव, पुन्हा तसंच. अशी वाढवत जा, जोपर्यंत चाकं अडकून घसटायला लागत नाहीत. घसटली की एक पायरी कमी कर. ती तुझी जागा. अडकलेलं चाक रस्ता धरत नाही, बाजूला सरकतं, म्हणून जास्त ताकद म्हणजे जास्त सुरक्षा असं समजू नकोस.

नवे शू आधी ड्रमशी बसावे लागतात. त्यासाठी मध्यम वेगात वीस-तीस वेळा हलका ब्रेक लाव, मध्ये थंड होऊ दे, मग ही पायरी पुन्हा ठरव. त्यानंतर पेडलने थांबून बघ. डब्याने पिकअपला मागे ओढल्यासारखं वाटलं तर ताकद जास्त आहे, डब्याने ढकललं तर कमी. शेवटी उतरून चारही ड्रमजवळ हात ने, लावू नकोस, चटका बसेल. चारही साधारण सारखे तापलेले हवेत. एक थंड असेल तर ते चाक काम करत नाहीये. एक फार तापलं असेल तर त्याचा शू घासतोय. स्वस्तातली इन्फ्रारेड बंदूक मिळते, मी आणेन.

तीच पायरी सगळीकडे चालणार नाही, हेही लक्षात ठेव. रात्री घरी परतताना टाकी रिकामी, साबुदाणा संपलेला, म्हणजे डबा हलका. ताकद थोडी कमी कर. पाऊस असेल तर आणखी कमी. पाण्याची टाकी चाकांच्या बरोबर वर बसव, मागच्या टोकाला नको. मागे वजन जास्त झालं की डबा शेपटीसारखा डुलतो. अमेरिकेत एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार जोडावर ठेवतात. तुझ्या हुकाला किती पेलतो ते त्याच्या पट्टीवर असतं, त्याच्या आत राहा. आणि डुलायला लागलाच तर पिकअपचा ब्रेक जोरात मारू नकोस. अ‍ॅक्सिलरेटर सोड, स्टिअरिंग सरळ धर, कंट्रोलरची दांडी हलकी दाब. मागचा ब्रेक मागच्याला खेचतो आणि डबा सरळ होतो. हे त्या आवारात हळू वेगात करून हाताला सवय लावून घे.

तू पहिल्यांदाच स्वतःचं काही उभं करते आहेस, आणि कोणाच्या मागे न बसता स्टिअरिंग स्वतः धरून. मला त्याचं फार कौतुक आहे, म्हणूनच एवढं बोलले. घाई करणारे पुष्कळ भेटतील: बोर्डवाला, वेल्डिंगवाला, शुभ मुहूर्त काढून बसलेली आई. त्यांना माझं नाव सांग. एक रविवार ठरव आणि मला कळव. मी मल्टिमीटर, अँपिअर मीटर आणि वही घेऊन येते. चारही चाकांचा करंट मोजून झाल्याशिवाय आणि पिन ओढून डबा जागेवर थांबलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तो ट्रेलर सिविक सेंटरला आणू नकोस.